मेंढ्यांसाठी मोकळा केलेला मुलूख : सदरलँडची भटकंती

शनिवार : इन्व्हर्नेस, नॉकन, लॉखिन्व्हर

इन्व्हर्नेसहून गाडी वायव्येला वळली की तासाभरात घरं विरळ होतात. अलापूल हे बंदराचं गाव मागे पडलं की जवळजवळ संपतातच. डावीकडे समुद्राचे फाटे आत घुसलेले, उजवीकडे तांबूस गवताचे डोंगर, मधून एका गाडीपुरता रस्ता. ठरावीक अंतरावर तो थोडा रुंद केलेला असतो. समोरून गाडी दिसली की ज्याच्या बाजूला ती रुंद जागा जवळ, त्याने थांबायचं आणि दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. दादा अ‍ॅबरडीनला तेलकंपनीत नोकरी करतो, त्यामुळे त्याला हे सगळं सवयीचं. मी आपली प्रत्येक वेळी श्वास रोखून बसलेली.

सदरलँड हा स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचा वायव्येकडचा परगणा. निघण्यापूर्वी वर्गात मुलांना नकाशा दाखवताना एक आकडा सांगितला होता, तो इथे आल्यावर डोळ्यांना पटला. सदरलँडचं क्षेत्रफळ साधारण ५,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे बरोबर आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं होती, आणि ती मुंबई-पुण्याला गेल्यामुळे आधीच्या दशकापेक्षा कमी झाली होती. सदरलँडमध्ये आहेत तेरा हजारांच्या आसपास. पर्यटनाची पत्रकं याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतात. तो शब्द मी तेव्हाच बाजूला ठेवला, कारण हा मुलूख मुळात रिकामा नव्हता, मेंढ्यांसाठी माणसं काढून तो मोकळा केला गेला.

परगण्याच्या वेशीवर नॉकन क्रॅग नावाचा कडा आहे. भूगोलाच्या शिक्षकाने हयातीत एकदा तरी इथे यावं. १९ व्या शतकात या कड्यावरून भूवैज्ञानिकांमध्ये असं भांडण जुंपलं की ते काही दशकं चाललं. खाली चुनखडक, साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर काळपट, पापुद्र्यांचा शिस्ट खडक, आणि तो खालच्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचा. जुनं खाली आणि नवं वर हा खडकांचा पहिला नियम, इथे तो उलटा. सर रॉडरिक मर्चिसन हे तेव्हाचं मोठं प्रस्थ, सरकारी भूसर्वेक्षणाचे प्रमुख. त्यांनी सांगून टाकलं की थर क्रमानेच आहेत, वरचा खडक नवाच. अ‍ॅबरडीनचे प्राध्यापक जेम्स निकोल म्हणत होते, नाही, इथे जमीन तुटून सरकली आहे. निकोल बरोबर होते, पण त्यांचं ऐकणार कोण? पुढे चार्ल्स लॅपवर्थ नावाच्या, मुळात शाळामास्तर असलेल्या माणसाने १८८२-८३ साली उत्तरेला एरिबॉलच्या किनाऱ्यावर तपशीलवार नकाशे काढले आणि निकोलांची बाजू खरी ठरली. त्या कामाने लॅपवर्थ आजारी पडले. रात्री अंथरुणात तो अजस्र खडक आपल्या अंगावरून सरकतोय असं त्यांना वाटायचं, असं सांगतात.

मग सरकारी खात्याने बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोघांना कामाला लावलं. ते वर्षानुवर्षं हे डोंगर पायाखाली घालत राहिले आणि १९०७ साली त्यांचा ग्रंथ आला. अर्थ असा निघाला : सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड एकमेकांवर आदळले, तेव्हा पूर्वेकडचा जुना खडक कित्येक किलोमीटर सरकत येऊन पश्चिमेकडच्या नव्या खडकावर चढून बसला. आज हिमालय शिकवताना आपण फळ्यावर जे काढतो, त्यातली मोठी गोष्ट पहिल्यांदा कागदावर उतरली ती या भागात. कड्याखाली पीच-हॉर्न जोडीचे पूर्णाकृती पुतळे केलेले आहेत. मी खडकाच्या सांध्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. दादाचा धीर सुटला. ‘‘इतक्या लांब येवन तू दगडच बघतलंस?’’ म्हणाला.

होय, दगडच. कारण पुढचा सगळा देखावा दगडांचाच आहे. ॲसिंट हा सदरलँडचा नैऋत्य कोपरा. इथली पायाभूत जमीन ‘लुइशियन नाइस’ या खडकाची, तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुनी. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथल्या हिशेबात कालचा. या करड्या, उंचसखल, खड्ड्याखड्ड्यात पाणी साठलेल्या पायावर एकेकटे डोंगर उभे आहेत : सुल्व्हन, कॅनिस्प, क्विनाग. ते तांबड्या वालुकाश्माचे, साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीचे. मधला सगळा वालुकाश्म हिमनद्यांनी खरवडून नेला, हे तेवढे उरले. सुल्व्हन फक्त ७३१ मीटर, कळसूबाईच्या निम्माही नाही. पण आजूबाजूला काहीच नसल्यामुळे तो एकटा सगळं आकाश अडवतो.

लॉख ॲसिंट या तळ्याकाठी आर्डव्रेक किल्ल्याचा एक मोडका बुरूज आहे. हा मॅक्लाउड घराण्याचा. १६५० साली राजाच्या बाजूने लढणारा माँट्रोझचा मार्क्विस (ही सरदारकीची पदवी) कार्बिस्डेलच्या लढाईत हरून या बाजूला पळत आला, तो मॅक्लाउडांच्या हाती लागला. त्यांनी त्याला शत्रूच्या हवाली केलं आणि एडिंबराला त्याला फाशी झाली. पुढे १६७२ मध्ये मॅकेन्झींनी मॅक्लाउडांकडून ॲसिंट बळकावलं, १७२६ मध्ये किल्ल्याच्या शेजारी कॅल्डा हाउस हा झोकदार वाडा बांधला आणि १७३७ मध्ये तो जळाला. आता दोन्ही घराण्यांचे अवशेष हाकेच्या अंतरावर समोरासमोर उभे आहेत. पावसाने झोडपल्यामुळे दोन्हीकडे धावतच जाऊन आलो. लॉखिन्व्हरला मुक्कामी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि ऊन होतं. जून महिना.

रविवार : स्टोरचा किनारा

रविवारी दुकान बंद. प्रार्थनेचा वार अजूनही पाळणारी माणसं या किनाऱ्यावर आहेत. वहिनीने अ‍ॅबरडीनहून थालीपिठाची भाजणी आणली होती, म्हणून आमचं निभावलं. घरमालकीणबाईंनी उत्सुकतेने एक थालीपीठ चाखलं आणि ओटकेकपेक्षा बरं आहे असा दाखला दिला.

लॉखिन्व्हरहून स्टोरकडे जाणारा रस्ता इतका वळणांचा की घाटात वाढलेल्या मलाही ओकारी यायची वेळ आली. क्लाख्टॉलला पांढऱ्या वाळूची चिमुकली पुळण आहे आणि जवळच खडकावर ब्रॉख. ब्रॉख म्हणजे लोहयुगातला गोल दगडी मनोरा, चुन्याशिवाय रचलेला, दुहेरी भिंतीचा. स्कॉटलंडबाहेर हे बांधकाम सापडत नाही. क्लाख्टॉलचा ब्रॉख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आतून पेटला आणि कोसळला. त्यामुळे आतला संसार दगडांखाली जसाच्या तसा गाडला गेला. २०१७ साली उत्खनन झालं तेव्हा जळून कोळसा झालेलं धान्य सापडलं. ज्याला हा प्रदेश मुळातच राहण्याजोगा नाही असं वाटतं, त्याने या खळग्यात डोकावून पाहावं. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी सातू पिकवत होतं, साठवत होतं.

आजही किनाऱ्यालगत शेतं आहेत. त्यांना क्रॉफ्ट म्हणतात : समुद्राकडे उतरत गेलेली जमिनीची अरुंद पट्टी, तिच्यावर एक घर, आणि डोंगरावर गावाचं सामायिक गायरान. क्रॉफ्टर हा जमिनीचा मालक नव्हे, कूळ. १८८६ च्या कायद्याने त्याला बेदखल करता येईनासं झालं आणि खंड वाजवी ठरवण्याची सोय झाली. आपल्या कूळकायद्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण जमीन मालकाचीच राहिली, आणि तो मालक तिकडे लंडनात किंवा आणखी कुठे बसून ती हवी तेव्हा विकू शकत होता.

तसंच झालं. उत्तर लॉखिन्व्हरची २१,००० एकर जमीन मांसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या व्हेस्टी या इंग्रज घराण्याकडे होती. १९८९ मध्ये त्यांनी ती एका परदेशी मालमत्ता कंपनीला विकली. थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली आणि वसुलीसाठी जमिनीचे सात तुकडे करून विकायचं ठरलं. जाहिरातीत मोकळ्या रानाचं वर्णन होतं, त्या रानात तेरा वाड्या नांदत होत्या याचा उल्लेख जेमतेम. तेव्हा वाड्यावाड्यांचे क्रॉफ्टर एकत्र आले आणि म्हणाले, आम्हीच घेतो.

त्यांच्या हातात एक हुकमाचं पान होतं. १९७६ च्या कायद्यानुसार क्रॉफ्टरला आपली पट्टी वार्षिक खंडाच्या पंधरा पट किमतीत विकत घेण्याचा हक्क होता, आणि खंड अगदीच किरकोळ होते. त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्या कोणी जमीन घेतली तर आम्ही तो हक्क बजावू. मग येणाऱ्या मालकाच्या हाती उरणार काय? श्रीमंत गिऱ्हाइकं बिचकली. जगभरातून वर्गण्या आल्या. क्रॉफ्टरांचे आधीचे देकार नाकारले गेले, पण शेवटी तीन लाख पौंडांना सौदा झाला आणि १ फेब्रुवारी १९९३ रोजी जमीन ॲसिंट क्रॉफ्टर्स ट्रस्टच्या नावावर झाली. स्कॉटलंडमध्ये एखाद्या गावाने जमीनदाराची जमीन विकत घेण्याची जी लाट पुढे आली, तिची ही सुरुवात. २००३ मध्ये त्यासाठी कायदाच झाला, आणि २००५ मध्ये शेजारची सुल्व्हन डोंगरासकट ४४,००० एकर जमीनही स्थानिक संस्थेने घेतली.

हे वाचून आपल्याकडचा माणूस म्हणेल, वा, मग गाव भरलं असेल. तसं नाही. क्रॉफ्टवर पोट भरत नाही. कोणी मासळीच्या नोकरीत, कोणी पाहुण्यांना खोल्या देतो, कोणी शाळेची बस चालवतो. तरुणांना घर बांधायला परवडत नाही, कारण सुट्टीसाठी घर घेणारे शहरी लोक किमती चढवून ठेवतात. आमच्या किनाऱ्यालाही हे आता नवीन राहिलेलं नाही.

संध्याकाळी वारा पडला आणि मिज आले. केसाच्या टोकाएवढी माशी, हजारोंनी. गाडीत पळालो.

सोमवार : कायल्स्कू, हांडा बेट

कायल्स्कूचा वळणदार पूल १९८४ चा, त्याआधी इथे फेरीबोट होती. पुलाच्या उत्तर टोकाला दुसऱ्या महायुद्धातल्या बुटक्या पाणबुड्यांच्या नौसैनिकांचं स्मारक आहे. चार माणसांची ही पाणबुडी. या खाड्यांत त्यांनी सराव केला आणि सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या खाडीत शिरून ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका जायबंदी केली.

टार्बेटच्या धक्क्यावरून होडीने हांडा बेटावर गेलो. रविवारी ही होडी नसते, म्हणून आम्ही बेत सोमवारचा ठेवला होता. बेटावर आता राबता पक्ष्यांचा. तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे, आणि त्याच्या आडव्या खाचांमध्ये फडताळात मांडल्यासारखे हजारो गिलेमॉट आणि रेझरबिल. वास मात्र मांडवीच्या मासळी बाजाराला लाजवणारा. पफिन थोडेच दिसले, पण दिसले. स्कुआ हा मोठा तपकिरी दांडगट पक्षी इथली शान होता. २०२२ च्या बर्ड फ्लूने त्यांची वाताहत केली.

कड्यांकडे जाताना वाटेत घरांची जोती दिसतात. १८४० च्या दशकापर्यंत इथे माणसं होती. मासे, पक्ष्यांची अंडी आणि बटाटे हा आहार. बेटाला स्वतःची ‘राणी’ होती, म्हणजे सर्वांत वयस्क विधवा, आणि दररोज सकाळी पुरुष जमून आज कोणतं काम करायचं ते ठरवत. मग बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडचा दुष्काळ आपण शिकवतो, पण तोच रोग स्कॉटलंडच्या या बाजूलाही आला, हे पाठ्यपुस्तकात नसतं. १८४७-४८ च्या सुमारास बेट रिकामं झालं आणि माणसं कॅनडाच्या वाटेला लागली.

मंगळवार : डर्नेस

उत्तर टोकाला डर्नेस. इथे अचानक जमीन हिरवीगार होते, कारण खाली चुनखडक आहे. स्मू ही गुहा समुद्राने बाहेरून आणि ओढ्याने आतून कोरलेली आहे. तोंड भव्य, आत धबधबा. सगळे बघतात तशी आम्हीही बघितली.

त्यापेक्षा बाल्नाकीलचं बिनछपराचं चर्च मला जास्त आवडलं. तिथे रॉब डॉन या गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतल्या, कवीचं स्मारक आहे. १८ व्या शतकातला हा माणूस निरक्षर होता, गुरं राखायचा आणि विकायला दक्षिणेच्या बाजारांत हाकत न्यायचा. गाणी त्याने तोंडी रचली, लोकांनी ती तोंडी जपली. ‘गुरं’ हा शब्द लक्षात ठेवायचा. मेंढ्यांच्या आधी या डोंगरांचं अर्थकारण काळ्या, बुटक्या गुरांवर चालायचं. उन्हाळ्यात बायका-मुलं गुरं घेऊन उंचावरच्या गवतात राहायला जायची, खालच्या खोऱ्यात ओट आणि सातू पिकायचे.

डर्नेसच्या पूर्वेला क्यानाबेनची वाडी. १८४१ मध्ये इथल्या मक्तेदाराने लोकांना हुसकायचं ठरवलं. पुरुष कामावर बाहेर गेलेले असताना नोटिसा घेऊन माणूस आला. बायकांनी त्याला घेरलं आणि कागद त्याच्याच हातून जाळायला लावले. मग जास्त पोलीस आले, त्यांनाही पिटाळलं. सरकारने लष्कर पाठवायची भाषा केली तेव्हा कुठे तडजोड झाली. लोकांना काही महिने मिळाले, पण वाडी शेवटी उठलीच. आता तिथे माहितीचे फलक असलेली पायवाट आहे, आणि खालच्या पुळणीवरून तारेला लटकून सरकायचा खेळ. किंचाळ्या वरपर्यंत ऐकू येत होत्या.

लॉख एरिबॉलला वळसा घालताना दादाने सांगितलं की १९४५ मध्ये शरण आलेल्या ३३ जर्मन पाणबुड्या इथे आणून नांगरल्या होत्या. लॅपवर्थना रात्री झोपू न देणारा खडक तो हाच किनारा.

बुधवार : बेटीहिल, स्ट्राथनेव्हर

बेटीहिल हे गाव सदरलँडच्या काउंटेस एलिझाबेथ हिच्या नावाने वसवलेलं आहे. या बाईला परगण्यातली बहुतेक जमीन वारशाने मिळाली. तिचा नवरा मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड, त्या काळच्या ब्रिटनमधल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक, पुढे मरण्याआधी काही महिने तो सदरलँडचा पहिला ड्यूक झाला. दोघांचे सल्लागार नव्या अर्थशास्त्राने भारावलेले. हिशेब सरळ होता : खोऱ्यातली शेकडो कुळं जेवढा खंड देतात त्याच्या कितीतरी पट एकटा मेंढपाळ मक्तेदार देईल. दक्षिणेच्या चेव्हियट मेंढ्या इथल्या थंडीत तगतात हे सिद्ध झालं होतं आणि लोकरीला भाव होता. तेव्हा माणसं खोऱ्यातून काढून किनाऱ्यावर बसवायची. तिथे त्यांना जमिनीच्या मुद्दाम लहान पट्ट्या द्यायच्या, म्हणजे शेतीवर भागणार नाही आणि मासेमारी करावीच लागेल. डोंगरातल्या गुराख्यांना समुद्रावर ढकलायचं, आणि तेही धड बंदर नसलेल्या किनाऱ्यावर!

याला त्यांनी नाव दिलं ‘सुधारणा’.

गावातल्या जुन्या चर्चमध्ये स्ट्राथनेव्हर संग्रहालय आहे. आत १७७४ चं लाकडी व्यासपीठ जपलेलं आहे. घरं सोडण्याच्या नोटिसा लोकांना गेलिकमध्ये समजावून सांगायचं काम पाद्र्यांनी केलं, असं इथे सांगतात. पाद्र्याचा पगार आणि घर जमीनदाराच्या मर्जीवर, त्यामुळे बहुतेकांनी हे देवाच्या इच्छेवर ढकललं. बाहेर कब्रस्तानात मात्र हजाराहून अधिक वर्षांपूर्वीची फारची शिळा उभी आहे, तिच्यावर कोरलेला क्रूस आणि गुंफणीची नक्षी. ती पाहायला थांबलंच पाहिजे.

मग नदीच्या काठाने दक्षिणेला. स्ट्राथनेव्हर म्हणजे नेव्हर नदीचं खोरं, रुंद, सपाट तळाचं, दोन्ही बाजूंना उतार सौम्य. भूगोलाच्या नजरेने पाहिलं तर परगण्यातली ही सर्वांत चांगली जमीन. आणि गाडीच्या काचेतून माणूस दिसत नाही.

सायरजवळ रस्ता सोडून रोझलकडे चालत गेलो. झाडीतून वर गेलं की एक मोकळं माळरान लागतं, भोवती जुना गडगा. त्याच्या आत गवताखाली उंचवटे : हे घर, हा गोठा, हे धान्य वाळवायचं भट्टीघर. १९६२ मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा सत्तरच्या आसपास बांधकामांच्या खुणा मोजल्या गेल्या. माणूस आणि गुरं एकाच लांब छपराखाली, मध्ये चूल. जमिनीवर अजून वाफ्यांच्या उंच-खोल रेघा दिसतात. दुपारच्या तिरप्या उन्हात तर स्पष्टच.

१८१४ च्या उन्हाळ्यात पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याने खोऱ्यात माणसं हुसकायला सुरुवात केली. गंमत म्हणजे जमीन रिकामी करणारा कारभारी आणि ती मेंढ्यांसाठी मक्त्याने घेणारा गिऱ्हाईक हे दोन्ही तोच. लोकांनी परत येऊन राहू नये म्हणून छपरं पेटवण्यात आली. या बोडक्या मुलखात वासा ही सर्वांत मोलाची वस्तू. चिखलात गाडलेलं जुनं पाइनचं लाकूड उकरून काढून तो करायचा. वासा जळाला की घर पुन्हा उभं राहत नाही. एका घरात शंभरीला टेकलेली मार्गारेट मॅके अंथरुणावर होती. घराला आग लागल्यावर तिला ओढून बाहेर काढलं आणि काही दिवसांत ती गेली. सेलरवर सदोष मनुष्यवध आणि जाळपोळीचा खटला झाला. १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. ज्युरीत बहुतेक जमीनवाले. १८१९ मध्ये आणखी मोठी लाट आली आणि खोरं रिकामं झालं.

इतिहासकार या सगळ्याकडे एका बाजूने बघत नाहीत, हेही सांगायला हवं. लोकसंख्या वाढत होती, दुष्काळ पडत होते, गुरांचे भाव कोसळत होते, तेव्हा बदल कसाही झालाच असता, असं म्हणणारे आहेत. असेलही. पण तो बदल कोणी ठरवला, कोणाला विचारून, हा प्रश्न रोझलच्या गवतात उभं राहिल्यावर सुटत नाही. आणि हिशेबही फार टिकला नाही. १८७० नंतर ऑस्ट्रेलियाची लोकर आली, भाव पडले आणि कित्येक मेंढीकुरणं हरणांच्या शिकारीसाठी श्रीमंतांना भाड्याने गेली. आज डोंगरांवर झाड सहसा उगवत नाही, त्याला ही हरणंही कारण.

आमच्याकडेही घरं बंद असतात. कुडाळपासून देवगडपर्यंत कुलूप लावलेल्या माड्या मी दाखवीन तितक्या. पण चतुर्थीला चाकरमानी उतरतो, कुलूप उघडतं, भिंतीवर नवा चुना चढतो. रोझलला परत यायला कोणी उरलेलं नाही. हा फरक मला दिवसभर पुरला.

खोऱ्यातून बाहेर पडताना ९३ व्या सदरलँड हायलँडर्स पलटणीचं स्मारक लागतं. १८०० च्या सुमारास याच खोऱ्यातून ही पलटण उभी राहिली, काउंटेसच्या नावावर आणि कुळांच्या मुलांवर. मुलगा पलटणीत गेला तर जमीन हलणार नाही, अशी लोकांची समजूत होती. पुढे १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौच्या सिकंदरबागेत जी कत्तल झाली, तीत ही पलटण आघाडीवर होती. स्वतःचं खोरं हरवलेल्यांची पलटण दुसऱ्यांचं शहर जिंकायला गेली. साम्राज्याचा हिशेब असाच असतो.

गुरुवार : गोल्स्पी, हेल्म्सडेल

पूर्व किनाऱ्यावर आल्यावर जग बदलतं : शेतं, रेल्वे, दुकानं. गोल्स्पीच्या डोक्यावर बेन व्रॅगी हा डोंगर आणि त्यावर पहिल्या ड्यूकचा पुतळा, चौथऱ्यासकट तीस मीटर. १८३७ चा. कोरीव लेखात तो विवेकी, दयाळू, उदार जमीनदार होता असं म्हटलंय. पुतळा पाडावा अशी मागणी १९९४ मध्ये एका माजी नगरसेवकाने केली होती. काहींनी चौथऱ्याचे दगड काढायचा प्रयत्नही केला. दादाचं मत पाडावा, वहिनीचं मत ठेवावा, नाहीतर उद्या लोक विचारतील कोण होता तो. मी चढ चढून दमले होते, मत द्यायच्या स्थितीत नव्हते.

डनरॉबिन हा ड्यूकांचा राजवाडा, १८९ खोल्यांचा, फ्रेंच धाटणीच्या टोकदार मनोऱ्यांचा. आजचं रूप चार्ल्स बॅरी यांनी १८४५ पासून दिलं, लंडनची पार्लमेंट इमारत ज्यांची. वाड्याला स्वतःचं रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. हे सगळं पाहायला तिकीट आहे, आणि ते तिकीट काढून मी गेले, कारण बागेतल्या संग्रहालयात पिक्टिश लोकांच्या, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांच्या, कोरीव शिळा आहेत. त्याच दालनात जगभर मारलेल्या जनावरांची मुंडकी भिंतीवर लावलेली. पाच मिनिटांत बाहेर आले.

मुक्कामी हेल्म्सडेल. हे गाव हेरिंग मासेमारीसाठी आखून वसवलेलं, रस्त्यांची नावं ड्यूकच्याच इस्टेटींची : स्टॅफर्ड, ट्रेंथम, लिलिशल. घराबाहेर काढलेल्या माणसाने पत्ता लिहायचा तोही मालकाच्या नावाने. वर टेकडीवर २००७ मध्ये बसवलेला परागंदा कुटुंबाचा पुतळा आहे : बाप पुढे, मुलगा त्याच्याकडे पाहतो आहे, आई मागे वळून पाहते आहे. त्याचीच दुसरी प्रत कॅनडात विनिपेगला आहे, कारण १८१३ मध्ये जवळच्या किल्डोनन खोऱ्यातले लोक तिकडे रेड नदीकाठी वस्ती करायला गेले.

शुक्रवार : फॉर्सिनार्ड, गार्टीमोर

गाडी ठेवून आगगाडीने निघालो, त्याच किल्डोननच्या खोऱ्यातून. फॉर्सिनार्ड स्टेशनवर उतरलो तर चारी बाजूंना सपाट, ओलं, तपकिरी रान. हा फ्लो कंट्री. पाऊस इतका आणि निचरा इतका कमी की शेवाळ मरतं पण कुजत नाही, थरावर थर चढतो, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. काही ठिकाणी हा पीटचा थर दहा मीटरपर्यंत जाड आहे. हजारो वर्षांचा कार्बन तिथे बंद होऊन पडलेला. फरशांच्या पायवाटेने आत गेलं की काळ्या पाण्याची डबकी, आणि त्यांच्या काठावर लाल केसांची, किडे खाणारी दवबिंदू वनस्पती. मी गुडघ्यावर बसले. हिचीच भावंडं पावसाळ्यात आमच्या कातळसड्यांवर उगवतात.

साम्य तिथेच थांबत नाही. आमचे सडे सरकारदरबारी पडीक, पोटखराबा. फ्लो कंट्रीही ‘काही कामाची नाही’ म्हणून १९८० च्या दशकात नांगरून, चर खणून, परदेशी सूचिपर्णी झाडं लावून वाया घालवायला काढली होती. झाडं लावली की श्रीमंतांना करात सूट मिळायची, एवढंच कारण. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सूट काढली आणि लागवड थांबली. आता तीच झाडं तोडून चर बुजवण्याचं काम चालू आहे. झाडं तोडणं म्हणजे निसर्गरक्षण, हे पाचवीच्या वर्गाला कसं समजवायचं याचा मी विचार करते आहे. जुलै २०२४ मध्ये या दलदलीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पीटभूमीसाठी पहिल्यांदाच. तो निर्णय झाला ती बैठक नवी दिल्लीत होती.

दुपारी परतून हेल्म्सडेलच्या पश्चिमेला गार्टीमोरला गेलो. किल्डोननमधून काढलेल्या लोकांना इथे खडकाळ उतारावर पट्ट्या दिल्या होत्या. दगड वेचून रचलेले गडगे अजून उभे आहेत. १८८० च्या दशकात जमिनीच्या हक्काची चळवळ सदरलँडमध्ये इथूनच पेटली. २०१६ मध्ये इथल्या क्रॉफ्टरांच्या संस्थेने सुमारे ३,००० एकर जमीन विकत घेतली, आणि विकणारी होती सदरलँड इस्टेट.

गडग्यापाशी कुंपणाची तार ओढत असलेल्या एका गृहस्थांना दादाने विचारलं, आता कसं वाटतं? ते म्हणाले, वाटायला वेळ कुठे आहे, पूर्वी कुंपण पडलं की इस्टेटच्या नावाने शिव्या घालायचो, आता समितीची मीटिंग लावावी लागते. पुढची मीटिंग मंगळवारी होती.